जेरी राईसचा डावा गुडघा: १५ आठवडे की १२ महिने?

३१ ऑगस्ट १९९७, रविवार. फ्लोरिडातलं टॅम्पा शहर, अमेरिकन फुटबॉलच्या सीझनची पहिलीच मॅच. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या टीमचा जेरी राईस बॉल बगलेत मारून मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पळतोय. 'रिव्हर्स' म्हणतात त्या चालीला, म्हणजे सगळी टीम एका दिशेला निघाल्यासारखं दाखवते आणि बॉल गुपचूप उलट्या दिशेने जाणाऱ्याच्या हातात देते. समोरच्या टॅम्पा बे टीमचा वॉरन सॅप, चांगला आडदांड गडी, त्याला मागून गाठतो आणि हाताला येतं ते धरतो, आणि हाताला येते ती हेल्मेटची पुढची जाळी. डोकं एकीकडे ओढलं जातं, अंग फिरतं, पाय मात्र जमिनीत रुतलेलाच असतो आणि डावा गुडघा पिळला जातो. रेफ्रीने १५ यार्डांची पेनल्टी दिली, जाळी धरणं फाऊलच आहे. पण गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट गेलं ते गेलंच.

तेव्हा राईस ३४ वर्षांचा होता. ती मॅच धरून सलग १८९ मॅच खेळलेला, दुखापतीमुळे एकही चुकवलेली नाही. सगळ्यांनी धरून चाललेलं की हा सीझन तरी संपला, काहींनी तर माणूसच संपला असं धरलं. आणि हा १५ डिसेंबरला परत मैदानात! दिवस मोजले तर १०६, म्हणजे १५ आठवडे आणि एक दिवस.

ही गोष्ट माझ्यापर्यंत आली ती एका फॉरवर्डमधून. २०१८ मध्ये ठाण्यात टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळताना माझा उजवा गुडघा गेला, तेच एसीएल. ऑपरेशन झालं, घरी पडून होतो, तेव्हा एका मित्राने पाठवलं की बघ जेरी राईस १५ आठवड्यांत परत आलेला, तू पण येशील. त्याने मनापासूनच पाठवलेलं, त्याला माझी काळजी होती. मी ते दिवसातून चारचार वेळा वाचायचो. नंतर खोलात गेलो, मॅचचे व्हिडिओ बघितले, आकडे उतरवून काढले आणि लक्षात आलं की ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते आणि जो अर्धा भाग सांगितला जातो तो चुकीचा अर्धा आहे. ज्यांचा गुडघा गेलाय किंवा घरात कोणाचा गेलाय त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय, फुटबॉल कळत नसेल तरी चालेल.

खेळाबद्दल एवढंच पुरे. क्वार्टरबॅक बॉल फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतो आणि झेलल्यावर मिळेल तेवढा पुढे पळतो. शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाऊन. रिसीव्हरचा हिशोब तीन गोष्टींचा, किती झेल, किती यार्ड, किती टचडाऊन. राईसचे करिअरचे आकडे १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि झेलून केलेले १९७ टचडाऊन. यार्डाचं किलोमीटर केलं तर जवळजवळ २१ होतात, अख्ख्या हाफ मॅरेथॉनला दीड-पावणेदोनशे मीटर कमी, आणि ते सगळं अंतर कोणीतरी पाडायला मागे लागलेलं असताना. यार्डात दुसऱ्या नंबरवर लॅरी फिट्झजेराल्ड आहे, १७,४९२. पाच हजारांहून जास्त फरक. हजार यार्डांचा सीझन चांगला धरतात, म्हणजे दुसऱ्या नंबरवाल्याने आणखी पाच चांगले सीझन खेळले असते तरी राईस पुढेच राहिला असता.

आता हा माणूस १५ आठवड्यांत का उठला हे कळायला मागे जावं लागतं.

राईसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिलचा, आणि वाढला जवळच्याच क्रॉफर्ड नावाच्या छोट्या गावात. आठ भावंडांत सहावा. वडील जो नेथन गवंडी होते. उन्हाळ्यात मुलं वडिलांच्या हाताखाली कामाला. जेरी परांचीवर उभा, खालून भाऊ विटा वर फेकणार आणि याने त्या झेलायच्या. कधी चार विटांची थप्पी एकदम यायची, हवेत त्या सुट्या व्हायच्या आणि याने चारही पकडायच्या. आपल्याकडे बांधकामावर हे दृश्य बघितलेलं असतं ना, खालचा गडी एका लयीत फेकतोय आणि वरचा न बघितल्यासारखं करून अलगद घेतोय. त्यात एक गोष्ट आहे जी लांबून कळत नाही, वीट पकडताना हात ताठ ठेवून चालत नाही, विटेबरोबर हात थोडा खाली न्यायचा, नाहीतर बोटं सोलून निघतात. त्याच्या झेलांचे व्हिडिओ हळू करून बघा, बॉल लागतो तेव्हा तळवा मागे जातो. हे त्याला कुठल्या कोचने शिकवलेलं नाही.

फुटबॉलमध्ये तो आला ते शाळा बुडवताना सापडला म्हणून. उपमुख्याध्यापक मागून आले, हा पळाला, ते बघतच राहिले. मार पडला तो पडलाच, पण पोरगं पळतं कसं हे कोचच्या कानावर गेलं.

मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही. गेला मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये, इट्टा बेना नावाच्या गावात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलेलं छोटं कॉलेज. पण तिथला कोच आर्ची कूली हा भन्नाट माणूस, तो जवळजवळ प्रत्येक चालीला बॉल फेकायलाच लावायचा, आणि फेकणारा होता विली टॉटन. १९८३ मध्ये सदर्न युनिव्हर्सिटीविरुद्ध राईसने एका मॅचमध्ये २४ झेल घेतले. १९८४ मध्ये टीम सरासरी साठच्या वर पॉइंट करत होती. त्या कॉलेजच्या स्टेडियमला आज राईस आणि टॉटन दोघांचं नाव आहे.

तरीही ड्राफ्टच्या वेळी, म्हणजे व्यावसायिक टीम नंबराने कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, सगळे कचरत होते. एक तर छोटं कॉलेज, समोरच्या टीम कमकुवत. दुसरं म्हणजे वेग. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायला त्याला किती वेळ लागला याचे वेगवेगळे आकडे सांगतात, त्यातला ४.७१ सेकंदांचा सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि रिसीव्हरसाठी तो स्लो. फोर्टीनाइनर्सचे कोच बिल वॉल्श यांनी मात्र १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला मॅचच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर त्याची झलक बघितलेली, आणि ते डोक्यात बसलं. १९८५ च्या ड्राफ्टला त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी होता, २८ वा, कारण आदल्याच सीझनला ते चॅम्पियन झालेले. त्यांनी न्यू इंग्लंडशी सौदा करून १६ वा नंबर घेतला आणि राईसला उचललं. त्याच्या आधी दोन रिसीव्हर गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन.

आणि मग पहिल्या सीझनला हा झेल सोडायला लागला. विटा पकडणारा माणूस! एकामागून एक सुटायला लागले, घरच्याच मैदानावर, कँडलस्टिक पार्कमध्ये, घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मला या संपूर्ण करिअरमध्ये हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे जी भीती बसली ती शेवटपर्यंत निघाली नाही. ९ डिसेंबर १९८५ ला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध १० झेल आणि २४१ यार्ड केले तेव्हा लोक शांत झाले. लोक झाले, तो नाही झाला. २०१० मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे खेळातल्या थोरांच्या यादीत नाव गेल्यावरच्या, भाषणात, कँटनला, त्याने स्वतः सांगितलं की अपयशाची भीती हेच आयुष्यभर त्याचं इंजिन होतं.

त्या भीतीचं त्याने काय केलं ते एका टेकडीवर दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन कार्लोसजवळ एजवुड नावाचं पार्क आहे. सीझन नसताना राईस तिथे पळायचा, सोबत बरेचदा टीममधला रॉजर क्रेग, बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक, अडीच मैल म्हणजे चार किलोमीटर चढ. ऑफिसच्या कामासाठी मी काही महिने त्या भागात होतो तेव्हा एका शनिवारी सकाळी गेलो, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा दीड वर्ष झालेलं. सुरुवातीला ओकची सावली, पायाखाली वाळकी पानं, खालून २८० हायवेचा एकसुरी आवाज येत राहतो. मला वाटलं हे तर आपल्या येऊरसारखंच आहे. मग वळणावळणाने चढ वाढत जातो आणि झाडी संपून उघडं माळरान लागलं की ऊन डोक्यावर येतं, आणि तिथे चढ आणखी उभा होतो. मी चालत होतो तरी छातीचा भाता झालेला. पळणं सोडा, मला तिथे उभं राहून बोलता येत नव्हतं. नुसता वर पोचायचा प्रश्न नसतो हे तिथे कळलं, दमलेले पाय घेऊन सगळ्यात अवघड भाग पळायचा असतो. मॅचच्या शेवटच्या दहा मिनिटांत समोरच्याचा वेग कमी झालेला असतो आणि राईसचा तेवढाच राहिलेला असतो, म्हणून ४.७ वाला माणूस मागून कोणाला सापडायचा नाही. प्रॅक्टिसमध्येसुद्धा पाच यार्डांचा साधा झेल घेतला तरी तो पार टचडाऊनच्या पट्ट्यापर्यंत पळत जायचा, प्रत्येक वेळी.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगतो कारण ती कुठेही वाचायला मिळतात. १९८६ ला १,५७० यार्ड. १९८७ ला संप झालेला, याने फक्त १२ मॅचमध्ये २२ टचडाऊन झेलले, तो रेकॉर्ड २००७ मध्ये रँडी मॉसने २३ करून मोडला पण त्याला १६ मॅच मिळाल्या. जानेवारी १९८९ चा सुपर बोल म्हणजे सीझनची फायनल, सिनसिनाटीविरुद्ध, ११ झेल, २१५ यार्ड, सामनावीर. पुढच्या वर्षी डेन्व्हरविरुद्ध तीन टचडाऊन, जानेवारी १९९५ मध्ये सॅन डिएगोविरुद्ध परत तीन, ते पण खांदा निखळलेला असताना. १९९५ च्या सीझनला १२२ झेल आणि १,८४८ यार्ड. १९९४ च्या पहिल्याच मॅचला जिम ब्राउनचा १२६ टचडाऊनचा रेकॉर्ड मोडलेला. म्हणजे १९९७ उजाडलं तेव्हा सगळे मोठे रेकॉर्ड आधीच त्याच्या नावावर होते, तीन सुपर बोल जिंकलेले, सिद्ध करायला काही उरलेलं नव्हतं.

आता परत गुडघ्याकडे.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरपं बांधलेलं लिगामेंट, मांडीचं हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारं. ते फाटलं की सरळ चालता येतं, पण दिशा बदलायला गेलात की गुडघा निसटतो. ऑपरेशनमध्ये तुमच्याच शरीरातली दुसरी दोरी काढून तिथे बसवतात. ती दोरी बसवल्या दिवशी मजबूत असते, मग काही महिने उलट कमजोर होत जाते कारण तिला नवीन रक्तपुरवठा मिळून ती तिथली व्हायला वेळ लागतो. हा भाग मला कोणी आधी सांगितला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सूज गेलेली असते, दुखत नसतं, माणसाला वाटतं झालं आता, आणि आतली दोरी तेव्हाच कच्ची असते. आज फिजिओ लोक खेळायला परत सोडायच्या आधी किमान नऊ महिने थांबवतात, बरेचदा वर्षभर.

मांडीचं काय होतं तेही सांगतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात फिजिओने वाटीच्या वर चार बोटं जागा सोडून दोन्ही मांड्यांना टेप लावला, उजवी डावीपेक्षा साडेतीन सेंटीमीटरने बारीक. तीन आठवड्यांत! गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं, एवढाच व्यायाम, आणि सुरुवातीला मांडी आवळायचा हुकूमच पोचत नाही, आपण दाबतोय आणि स्नायू गप्प पडून आहे, परक्याचा पाय असल्यासारखा. हे अनुभवलंय म्हणून सांगतो, १५ आठवड्यांत व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानावर उभं राहण्याइतपत मांडी परत आणणं ही साधी गोष्ट नाही. त्या मेहनतीला मी मनापासून मानतो. माझा आक्षेप मेहनतीला नाहीच.

आक्षेप हा की टीमला त्याची गरज होती का? तर नव्हती. राईस गेल्यावर फोर्टीनाइनर्सने सलग ११ मॅच जिंकल्या. १५ डिसेंबरच्या आधी १४ पैकी १२ जिंकलेल्या. नवीन कोच स्टीव्ह मारियुची यांचं पहिलंच वर्ष आणि गाडी सुसाट चाललेली. आणि राईसच्या गैरहजेरीत एक पोरगं पुढे आलं, दुसऱ्याच वर्षात असलेला टेरेल ओवेन्स, त्याने त्या सीझनला ६० झेल आणि ९३६ यार्ड केले. ही जागा माझ्या मते लोक नीट बघत नाहीत. ज्या माणसाला पहिल्या वर्षी घरच्या प्रेक्षकांनी उडवलेली हुर्यो आठवतेय, ज्याने जो मोंटाना या क्वार्टरबॅकसारख्या देवमाणसालासुद्धा टीमने १९९३ मध्ये दुसरीकडे पाठवलेलं डोळ्यांनी बघितलंय, तो घरी सोफ्यावर पाय वर ठेवून आपल्या जागेवर दुसरा कोणी झेल घेतोय हे कसं बघणार? त्याच्या मनात नेमकं काय होतं ते तोच जाणे, पण भीती हेच इंजिन असं तो स्वतः म्हणतो तर ते इंजिन त्या १५ आठवड्यांतही चालूच असणार.

१५ डिसेंबर, सोमवारची रात्रीची मॅच, सगळ्या देशात टीव्हीवर. समोर डेन्व्हर ब्रॉन्कोज, जे पुढे त्या सीझनचे चॅम्पियन झाले. त्याच रात्री हाफटाइमला मोंटानाची १६ नंबरची जर्सी कायमची निवृत्त करायचा कार्यक्रम. आणि राईस मैदानावर आल्यावर जो आवाज उठतो तो आजही व्हिडिओत ऐकताना अंगावर काटा येतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये क्वार्टरबॅक स्टीव्ह यंगने बॉल फेकला, राईसने टचडाऊनच्या पट्ट्यात उडी घेऊन पकडला आणि खाली आला तो डाव्या गुडघ्यावर. वाटीला तडा गेला.

बस. सीझन संपला, खरोखरचा. त्या वर्षीचा त्याचा एकूण हिशोब दोन मॅच, ७ झेल, ७८ यार्ड, १ टचडाऊन. ११ जानेवारी १९९८ ला ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध सुपर बोलच्या दारात फोर्टीनाइनर्स २३-१० ने हरले तेव्हा तो खेळू शकला नाही. म्हणजे नीट विचार करा, ज्या मॅचसाठी त्याला वाचवून ठेवायला हवं होतं त्या मॅचला तो नव्हता, आणि ज्या मॅचची टीमला गरज नव्हती तिच्यात तो मोडला.

मला फॉरवर्डमध्ये आलेली गोष्ट टचडाऊनपाशी संपत होती. वाटीचा तडा त्यात नव्हताच.

माझं स्पष्ट मत आहे की १५ डिसेंबरचा निर्णय चुकीचा होता, त्याचा पण आणि ज्यांनी त्याला जाऊ दिलं त्यांचा पण. वाटीचं हाड भरून येतं. तेच त्या रात्री आतलं नवीन लिगामेंट गेलं असतं तर ३५ व्या वर्षी दुसऱ्यांदा तेच ऑपरेशन, आणि मग काय राहिलं असतं? याचं उत्तर आकड्यांत आहे आणि ते काढल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसलो. १९९६ चा सीझन संपला तेव्हा राईसचे झेल १,०५० होते आणि यार्ड १६,३७७. फिट्झजेराल्डचे १,४३२ झेल आणि १७,४९२ यार्ड आहेत, म्हणजे दोन्ही रेकॉर्ड केव्हाच गेले असते. टचडाऊन १५४ झेललेले. रँडी मॉसचे १५६ आहेत. १५ डिसेंबरचा तो टचडाऊन धरला तरी राईसचे १५५ होतात, एकाने कमी! म्हणजे ज्या तीन आकड्यांमुळे आज त्याला सगळ्यात मोठा मानतात, ते तिन्ही आकडे गुडघ्याच्या नंतरच्या खेळावर उभे आहेत. नंतर त्याने ४९२ झेल आणि ६,४४० यार्ड केले.

आणि ते कसे केले? वाटीला तडा गेल्यावर त्याला डिसेंबर ते सप्टेंबर थांबावंच लागलं, जानेवारीनंतर तर खेळायला मॅचच नव्हत्या. सप्टेंबर १९९८ मध्ये तो मैदानावर आला तेव्हा टॅम्पाच्या दुखापतीला १२ महिने होऊन गेलेले, म्हणजे आज कुठलाही शहाणा फिजिओ सांगेल तेवढेच. त्या सीझनला तो सगळ्या १६ मॅच खेळला, ८२ झेल, १,१५७ यार्ड, ९ टचडाऊन, वय ३६. हे त्याचं खरं पुनरागमन. याचा कोणी व्हिडिओ फिरवत नाही, त्यात नाट्य नाही, एक माणूस दर रविवारी आला आणि काम करून गेला. माझ्या मित्राने मला १५ आठवड्यांची गोष्ट पाठवली तेव्हा ही पाठवली असती तर मी चौथ्या महिन्यात सोसायटीच्या आवारात पळायचा प्रयत्न केला नसता. केला होता मी, आणि गुडघा आठ दिवस सुजून बसला होता.

एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही म्हणून सांगतो. २०१५ मध्ये राईसचं बोलणं बाहेर आलं, त्यात तो स्वतःच सांगतो की ग्लोव्हजवर चिकट स्प्रे मारायचो. हे १९८१ पासून नियमाबाहेर आहे. नंतर तो म्हणाला की त्या काळात सगळेच करायचे. सगळेच करायचे हे उत्तर मला पटत नाही, नियम होता आणि त्याने मोडला, त्याच्या नावाला तो डाग आहे. त्या चिकटपणाने किती झेल वाढले ते कोणी सांगू शकणार नाही. पण सलग मॅच खेळणं, चाळिशीत हजार यार्ड काढणं, हे स्प्रेने होत नाही एवढंही खरं.

ज्या जागेसाठी १९९७ ला घाई झाली असं मी म्हणतो, ती जागा शेवटी ओवेन्सकडे गेलीच. १७ डिसेंबर २००० ला कँडलस्टिकवर राईसची फोर्टीनाइनर्सकडून घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती, लोक त्याला निरोप द्यायला आलेले, आणि त्या दिवशी ओवेन्सने २० झेल घेऊन एका मॅचमधल्या झेलांचा तेव्हाचा रेकॉर्ड मोडला. राईसचे ७. निरोप राईसचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात रेकॉर्ड ओवेन्सचा. मला त्या दिवसाचं फार वाईट वाटतं, ओवेन्सची काही चूक नव्हती तरीही.

मग तो खाडीच्या पलीकडे ओकलंडला रेडर्सकडे गेला. २००१ ला १,१३९ यार्ड, २००२ ला १,२११, आणि त्या सीझनमध्ये तो ४० वर्षांचा झाला. जानेवारी २००३ मध्ये परत सुपर बोल, आणि समोर कोण तर टॅम्पा बे, आणि त्यांच्यात वॉरन सॅप. रेडर्स ४८-२१ ने सपाटून हरले. पण राईसने त्यात ४८ यार्डांचा टचडाऊन केला, चार वेगवेगळ्या सुपर बोलमध्ये टचडाऊन झाले त्याचे. तो झेल मी पुन्हापुन्हा बघितलाय, पळताना डाव्या पायावर जोर कसा येतो ते बघायला. सवयच लागलीय मला, कोणी पळताना दिसलं की आधी गुडघ्याकडे बघतो.

त्या हॉल ऑफ फेमच्या भाषणात भीतीच्या इंजिनाबरोबर आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, की करिअरबद्दल एकच खंत आहे, मी कधी थांबून त्याचा आनंद घेतला नाही. २००५ मध्ये तो डेन्व्हरच्या कॅम्पला होता, ४२ वर्षांचा, तिथे त्याला चौथ्या नंबरचा रिसीव्हर म्हणून ठेवू असं सांगितल्यावर ५ सप्टेंबरला त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी फोर्टीनाइनर्सने त्याच्याशी एक दिवसाचा करार केला म्हणजे त्याला त्यांचा खेळाडू म्हणून निवृत्त होता यावं, करारावर रक्कम होती १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट, १९८५ ला आला, ८० नंबरची जर्सी, २००६ ला निवृत्त, आणि फोर्टीनाइनर्सचे ४९. पैसे द्यायचे नव्हतेच, नुसता आकडा.

आणि गुडघ्याचं म्हणाल तर १९९८ पासून २००३ पर्यंत सहा सीझन, प्रत्येकी १६ मॅच, एकही चुकली नाही. २००४ मध्ये रेडर्सने त्याला सीझनच्या मध्येच सिएटलला दिलं. रेडर्सकडून ६ मॅच खेळून झालेल्या, सिएटलचा सीझनमधला सुट्टीचा आठवडा आधीच होऊन गेलेला, त्यामुळे तिकडे ११ मिळाल्या. ज्या सीझनला प्रत्येक टीम १६ मॅच खेळते त्या सीझनला ४२ व्या वर्षी तो १७ खेळला.